कुलूपबंद पानं

शिरूर कासारच्या सहकारी संस्थेत टँकर कुठं धाडायचा ते संगणक ठरवायचा, आणि संगणक सांभाळायचा बंकट. दुष्काळानं त्याला छळलं नसेल एवढं चेअरमन मोहनरावांनी छळलं होतं.

मशीन जुनं, मेमरी तोकडी. ऑपरेटिंग सिस्टीमचा कारभारी म्हणजे कर्नेल. तो बिचारा आहे त्यात भागवायचा. एखाद्या गावाच्या माहितीची पानं बराच वेळ कुणी बघितली नाहीत की मेमरीतून उचलून डिस्कवर ठेवायची, मागितली की परत आणायची. त्याला जरा वेळ लागे, तेवढाही मोहनरावांना सोसवेना. "माझ्या गावाची पानं जागची हालली न्हाई पायजेत," त्यांनी फर्मावलं. बंकटनं पानांना कुलूप लावलं. कुलूपबंद पानाला कर्नेल हात लावत नाही. हे कळताच एकेक संचालक आपापल्या गावासाठी येऊन बसला. शेंडी तुटो की पारंबी, कुलूप हवंच! अशा कुलपांना कर्नेल मर्यादा घालतो, तर मोहनरावांनी तीही उठवायला लावली.

आज व्हायचं तेच झालं. मेमरी भरली, हलवण्याजोगं पानच उरलं नाही, आणि जागा करायला कर्नेलनं एक चालता प्रोग्रॅमच मारला. मारला तोही नेमका वस्त्यांची मागणी घेणारा. मशीनची चिठ्ठी निघाल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, हा हुकूमही मोहनरावांचाच. भरलेले टँकर आवारात उभे, ड्रायव्हर विड्या फुंकत बसलेले, आणि बंकटच्या मोबाइलवर वस्तीवरची केशरमावशी. पोरगा-सून ऊसतोडीला गेलेले, नातवंडं तिच्या गळ्यात.

"पोरांच्या घशाला कोरड पडलीय रं. टँकर कावून येईना?"

बंकट तणतणत मोहनरावांच्या खोलीत शिरला. पडद्यावर त्यांच्या गावाचं पान झळकत होतं: आज मागणी नाही.

"बघ, कसं चटकन उघडतंय!" मोहनराव खूश होते.

बंकटनं कपाळावर हात मारला. "साहेब, परगावी गेलेल्यानं टँकरच्या नंबरात ड्रम ठेवून जावं, तसं झालंय हे. रिकामा ड्रम पुढं, तान्हेला माणूस मागं. कुलपं काढतो मी."

"दुसऱ्यांची काढ. माझं ऱ्हाऊ दे."

बंकटनं त्यांचंच आधी काढलं, मग बाकीच्यांची. मर्यादा पुन्हा घातली, मेलेला प्रोग्रॅम उठवला. चिठ्ठी निघाली, टँकर फाटकाबाहेर पडले. मोहनराव नोकरीवरून काढायची धमकी देत राहिले, पण बंकटला लई दिवसांनी हलकं वाटलं.

सांजेला त्यानं फोन लावला. "मावशे, टँकर पोचला का? मशीनला कुलपं लागलती, समदी काढली मी."

"पोचला अन् रिताबी झाला. ऊसतोडीला गेलेल्यांच्या नावाचे ड्रम वस्तीवरल्या म्हाळूनं अन् त्याच्या भावकीनं पुढं मांडलेले. तेच भरले. माझ्या घागरीपतोर पानी आलंच न्हाई. ड्रम सरकवाया गेले तर म्हाळू म्हन्ला, नंबर म्हंजी नंबर."

पलीकडं पोर रडत होतं.

"मशीनीची कुलपं काढलीस न्हवं?" मावशी म्हणाली. "मग आता हितं ये, अन् हे ड्रम उचल."