अडतीस किलो

गाडीचं नाक वर जातं, ही त्या घरातली जुनी तक्रार होती. शर्यत पाव मैलाची, सरळ रेषेत. हिरवा दिवा लागला की दोन गाड्या सुटायच्या आणि दहा-अकरा सेकंदांत सगळं उरकायचं. बाबांची गाडी मात्र सुटताना आधी आभाळाकडे बघायची, मग रस्त्याकडे. पुढची चाकं हवेत असली की गाडी कुणाचं ऐकत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण सांगायला आलेले तज्ज्ञ अकरा वर्षांत पुष्कळ झाले.

बाबांनी सगळे उपाय केले. पुढच्या चाकांच्या दांड्यांना जाड पट्टे बांधले, म्हणजे स्प्रिंग ताणून नाक चढू नये. त्या पट्ट्यांना ते लगाम म्हणत आणि दर मोसमात बोटभर आवळत. नाकाचं चढणं थांबलं, तर चाकंच जमीन सोडायला लागली. मग शॉकअॅब्सॉर्बर कडक केले. गाडी हलकी करण्याचं वेड तर होतंच. दारांचे आतले पत्रे सोलले, मागची सीट काढली, हीटर काढला. नियमाप्रमाणे चालकासकट गाडी अकराशे किलोंच्या खाली जाता कामा नये. बाबांनी ती काट्यावर बरोब्बर अकराशेला आणून ठेवली होती. वर एक किलो गेला तरी त्यांचं जेवण कडू होई. त्या अकराशेत ते स्वतः ब्याण्णव होते. त्यातलं थोडं कमी करा, असं आई होती तोवर अधूनमधून सुचवायची. ‘मी गाडीचं बोलतोय,’ असं उत्तर मिळायचं.

चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. मागे गाडी राहिली, त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका राहिले, आणि मुलगी. मुलीला सगळे बारकी म्हणत. चाळिशी आली तरी कुणी नाव बदललं नव्हतं. चाकं उचलल्याबद्दलची त्या मोसमातली एक ताकीदही बाबा ठेवून गेले होते. ती गाडीबरोबर वारसाहक्काने आली. तीन ताकिदी झाल्या की गाडी बाद.

“बाद झाली तर मी तिचे तुकडे करीन,” काकांनी सांगून टाकलं होतं. “दादाची गाडी कुणाच्या अंगणात गंजताना बघणार नाही.”

बारकीला ती चालवायची होती. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

सकाळी काट्यावर तपासनीस बाईंनी आकडा वाचला. “चालकासकट एक हजार बासष्ट. अडतीस कमी.”

“बारकी, जेवत जा गं जरा,” काका म्हणाले.

“फेरीला दोन तास आहेत,” बाई म्हणाल्या. “तेवढ्यात काय जेवणार? लोखंड लावा.”

काकांनी चार जाड लोखंडी पट्ट्या आणल्या आणि चालकाच्या सीटच्या मागे ठेवल्या. “दादा बसायचा तिथेच. गाडीला काही कळता कामा नये.” बोल्ट आवळताना ते नाक ओढत होते. धूळ फार आहे म्हणाले. नुकतंच पाणी मारलेलं मैदान होतं.

बारकीने गणित केलेलं होतं; मागचं वजन नाक उचलणार. तरी तिने पुढचा बोल्ट त्यांच्या हातात दिला. चार महिन्यांत काकांनी स्वतः होऊन हातात घेतलेलं हे पहिलं काम होतं.

हिरवा दिवा लागला, आणि काचेतून रस्ता नाहीसा झाला. तिने पाय काढला. चाकं आदळली, गाडी धावपट्टीच्या कडेपर्यंत गेली आणि कशीबशी सावरली.

“दुसरी,” बाई म्हणाल्या आणि वहीत खूण केली.

काकांचे डोळे मात्र चमकत होते. “अगदी दादासारखी उचलली!”

“अगदी. म्हणून तर ताकीद मिळाली. काका, वजन पुढे घ्यायचं. रेडिएटरच्या पुढच्या आडव्या दांडीवर.”

“म्हणजे दादाला उचलून बॉनेटखाली कोंबायचं?”

“लोखंड आहे ते.”

काकांनी सीटच्या पाठीवर हात ठेवला.

“त्या सीटवर मी बसते आहे,” ती म्हणाली. “दोघं मावत नाहीत. नाक खाली आणायला बाबांनी सगळं करून पाहिलं. नाकाशी वजन लावायचं तेवढं राहिलं, कारण लावायला वजन उरलंच नव्हतं. ते सगळं घेऊन बाबा स्वतः मागे बसायचे.”

“म्हणजे दोष दादाचा?”

“दोष कुठला? ब्याण्णव किलो.”

काका चहाला निघून गेले. तिने एकटीने पट्ट्या सोडवल्या, दांडीला भोकं पाडली. तिसरी पट्टी हातातून निसटायला लागली तेव्हा खालून दोन हात आले आणि त्यांनी ती तोलून धरली. काका गाडीखाली पडून होते. बाईंनी येऊन प्रत्येक बोल्ट हलवून पाहिला. एकही हलला नाही.

या वेळी नाक चार बोटं वर आलं, लगाम ताणले गेले, आणि चाकं जमिनीवरच राहिली. रस्ता शेवटपर्यंत समोर होता. निकालाच्या कागदावरची वेळ बाबांच्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षा एक दशांश सेकंदाने कमी होती. बाईंनी वही उघडलीच नाही.

शेजारच्या गाडीचा मालक हात पुसत आला. “काय केलंत हो?”

“दादाचे लगाम,” काका छाती काढून म्हणाले. “शेवटी बसले जागेवर.”

बारकीने ते तसंच राहू दिलं.

“दादा आज असते तर काय खूश झाले असते!” मालक म्हणाला.

काकांनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांची नजर सीटवर गेली, पुढच्या चाकांवर गेली, परत सीटवर आली.

“दादा असता,” ते सावकाश म्हणाले, “तर चाकं वर गेली असती.”

मालकाला तो विनोद वाटला आणि तो मोठ्याने हसला. थोड्या वेळाने काकाही हसले. बारकी हसली नाही. पुढची फेरी वीस मिनिटांवर होती. तिने हेल्मेट उचललं आणि सीटवरची, बाबांच्या मापाच्या सीटमध्ये तिला नीट बसता यावं म्हणून ठेवलेली जाड गादी सारखी केली.