मागचा बाक

राजेश्रीनं जीपच्या पत्र्यावर थापा मारायला सुरुवात केली आणि हरिओमनं ब्रेक दाबेपर्यंत हात थांबवला नाही. गाडी पुरती उभी राहायच्या आत तिनं मागचं दार उघडलं, पोट सांभाळत खाली उतरली आणि रस्त्याकडेच्या बाभळीला हात टेकून ओकली. सकाळचा चहा, अर्धी भाकर, होतं नव्हतं ते सगळं. मग पदरानं तोंड पुसून ती गाडीकडं न बघता सरळ मानवतच्या दिशेनं चालायला लागली.

"कुठं निघाली?" हरिओमनं खिडकीतून डोकं काढलं.

"दवाखान्यात."

"चालत? परभणी काय इथंच हाय का?"

"या गाडीत मी बसत न्हाई."

हरिओमच्या शेजारी सासरे बसले होते, किशनराव. डोक्याला मफलर गुंडाळलेला, हातात दवाखान्याची फाईल. त्यांनी मान वळवायचीही तसदी घेतली नाही.

"बाईमाणसाला गाडी लागती," ते म्हणाले. "लिंबू द्या तिला."

लिंबू! राजेश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीत धूर येतो, गाडीत धूर येतो, असं ती वर्षभर सांगत होती, आणि वर्षभर या घरातून तिला एकेक औषध मिळत होतं. आधी लिंबू. मग आवळासुपारी. मग हरिओमनं मोठ्या कौतुकानं आरशाला अत्तराची बाटली टांगली. त्यानंही भागेना, तेव्हा कापराची पुडी ठेवली. आता गाडीत बसलं की धूर, अत्तर आणि कापूर हातात हात घालून नाकात शिरत. सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गाडी लागते म्हणे! लग्नाआधी तीन वर्षं ती पालमहून गंगाखेडच्या कॉलेजला यष्टीनं गेली होती, निम्मे दिवस उभ्यानं. एकदाही ओकली नव्हती. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गाडीत बसायची या घरात एक रीत होती. कोणी घालून दिलेली नव्हती आणि कोणी मोडतही नव्हतं. हरिओम चालवणार, त्याच्या शेजारी किशनराव, मधल्या सीटवर सासू मनकर्णाबाई आणि पिशव्या, आणि पार मागच्या बाकावर सून. किशनरावांचा घसा नाजूक, म्हणून थंडीचे चार महिने काचा बंद. पुढं बसलेल्यांना वास येत नव्हता, आणि पुढं बसलेल्यांना आला नाही म्हणजे तो नव्हताच.

तिला सहावा महिना चालू होता. मागच्या खेपेला परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद दोनदा वाचला होता. महिन्यांच्या मानानं बाळ लहान दिसतंय, म्हणाल्या. घरात कोणी विडी ओढतं का? चुलीवर स्वयंपाक करता का? नाही? मग नीट जेवत जा, पंधरा दिवसांनी परत दाखवा. घरी आल्यावर सगळ्यांनी तेवढं जेवायचं लक्षात ठेवलं. 'खात न्हाई, दुसरं काय,' असं सासरे शेजाऱ्यांनाही सांगून आले. राजेश्रीच्या डोक्यात मात्र ते आधीचे दोन प्रश्न घर करून बसले. कापूस वेचणीच्या दिवसांत रोज तास-दीड तास ती याच बाकावर बसून शेतावर जात-येत होती. एखाद्याच्या विडीनं बिघडत असेल, तर अख्ख्या इंजिनानं काय होत असेल?

दोनशे पावलांवर एक गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, दारात जुन्या टायरांची चळत. एक माणूस खाली बसून पाना पुसत होता. पाटीवर नाव होतं सिद्धोधन. राजेश्री थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आमच्या गाडीत धूर यायलाय. कुठून येतो ते शोधून द्या."

गाडी कुठं आहे, मालक कोण, असलं काही त्यानं विचारलं नाही. तिला बसायला स्टूल सरकवलं.

"कधी येतो?"

"गाडी चालायला लागली की. चढाला जास्त."

"थांबल्यावर?"

"थांबली की एकदम भपकारा येतो."

"कच्च्या डिझेलचा वास हाय का जळका?"

"जळका. आधी डोळे चुरचुरतात. मग डोकं धरतं. मग झोप यायला लागती, लय झोप."

"काच उघडल्यावर?"

"उघडू देत न्हाईत."

राजेश्री स्टुलावर टेकली. चार प्रश्न. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वर्षभरात नवऱ्याला हे चार प्रश्न सुचू नयेत?

तोवर जीप मागून येऊन उभी राहिली होती. किशनराव उतरले नाहीत, काच खाली करून तिथूनच बोलले.

"साडेअकराचा नंबर हाय आमचा. खामखा टाईम घालवू नका."

"पाच मिनिटं, मालक," सिद्धोधन म्हणाला. "ताई सांगायल्यात त्यावरून काहीतरी हाय."

त्यानं हरिओमला गाडी चालू ठेवायला सांगितली. एक फडकं पाण्यात बुचकळून घडी केली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी दाबून धरली. बाहेर जायची वाट बंद झाल्यावर धूर दुसरी वाट शोधतो. गाडीखालून, मधोमध कुठूनतरी, भक-भक-भक असा आवाज यायला लागला. हरिओमनं खाली वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"जोड सुटलाय पाईपाचा," सिद्धोधन खालून म्हणाला. "काजळी बघा किती. आजचं न्हाई हे. लय जुनं दुखणं हाय."

"पण ते खाली हाय," हरिओम म्हणाला. "धूर आत कसा येईल?"

"तेच बघायलोय."

किशनरावांना उतरावंच लागलं. मनकर्णाबाईही उतरल्या आणि पिशवी पोटाशी धरून टायरांजवळ उभ्या राहिल्या. राजेश्री त्यांच्याकडं बघत नव्हती. सासऱ्यांचं एक वेळ सोडा, पण बाईनं बाईचं ऐकू नये? 'आमी न्हाई बसलो का त्याच बाकावर?' हे सासूचं ठरलेलं उत्तर होतं, आणि ते तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते ऐकलं की दात आवळले जायचे.

सिद्धोधननं मागचा बाक वर केला, रबराची मॅट सोलून काढली. खाली पांढरी पुटं चढलेली होती.

"काय भरता यात?"

"खत. युरियाची पोती," हरिओम म्हणाला.

"त्यानंच पत्रा खाल्लाय." त्यानं स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो पापडातून जावा तसा आरपार गेला. "आत येणारा वास कळतो हे एक नशीब समजा. या धुरात बिनवासाचा गॅसबी असतो, तो जास्त वाईट. माणूस झोपतं ते झोपतंच."

राजेश्रीचा हात आपोआप पोटावर गेला.

"पोटातल्याला?"

सिद्धोधननं हातातलं काम थांबवलं. "ते मला न्हाई सांगता येत, ताई. डॉक्टरला सांगा, रोज धुरात बसत होते म्हणून. लपवू नका."

"लपवायला मी कुठं काय लपवलं?" ती एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरचा सायकलवाला वळून बघायला लागला. "सांगून सांगून तोंड दुखलं माझं! यांनी अत्तर टांगलं!"

हरिओमनं मान खाली घातली. किशनराव खोकले.

बसल्यावर राजेश्रीचे पाय टेकत, त्याच्या थोडं आत कोपऱ्यात, मूठ मावेल एवढं एक भोक होतं. त्यात काहीतरी कोंबलेलं होतं आणि ते आक्रसून, करपून एका बाजूला सरकलं होतं. सिद्धोधननं पकडीनं धरून ओढलं. काळंठिक्कर फडकं निघालं, हातभर लांब. त्यानं ते गुडघ्यावर झटकलं, घडी उकलली. बाहेरून कोळसा झालेलं होतं, पण आतली एक घडी शाबूत होती. मोरपंखी रंग, त्याला लाल काठ.

"हे कोणी मुद्दाम घातलंय," तो म्हणाला. "भोक बुजवायला. उंदराचं काम न्हाई हे."

राजेश्रीनं तो काठ लगेच ओळखला. त्याच पातळाचा उरलेला तुकडा ती रोज अंगावर घेत असलेल्या गोधडीत शिवलेला होता. गोधडी मनकर्णाबाईंनी स्वतःच्या हातानं टाचली होती.

ती सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, हे तुमी कोंबलं?"

मनकर्णाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"व्हय."

"कधी?"

"लय दिस झाले. तुझ्या लग्नाच्या आदी."

"म्हंजी तुमाला वास यायचा."

"यायचा की. न यायला काय झालं? डोकं फुटायचं माझं." त्यांनी नवऱ्याकडं न बघता, हवेत बोलावं तसं सांगितलं. "एकदा न्हाई, धा डाव सांगितलं. 'बाईमाणसाला गाडी लागती' म्हणाले. मंग कोणाला सांगावं? फाडलं पातळ अन् घातलं बोळा करून."

किशनरावांनी मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

राजेश्रीला वाटलं होतं की हे ऐकून आपला राग निवेल. तो निवला नाही, उलट आणखी भडकला. न कळणाऱ्यावर रागावणं सोपं असतं. हिला सगळं कळत होतं.

"मग मी बोलले तवा गप कामून बसलात? वर्षभर! मला खोटं पाडलं सगळ्यांनी, तुमीबी पाडलं. एकदा 'व्हय' म्हणाला असता तर?"

मनकर्णाबाई काहीतरी सबब सांगतील असं सगळ्यांनाच वाटलं. निदान पदर डोळ्यांना लावतील.

"तू आली अन् मी मधल्या सीटवर आले," त्या म्हणाल्या. "लय बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?"

राजेश्री जाऊन पुन्हा स्टुलावर बसली.

सिद्धोधननं तासभर काम केलं. जोड आवळला, त्यावर पट्टी गुंडाळली, भोकावर पत्र्याचा तुकडा रबर घालून ठोकला. वेल्डिंग करायला लाईट नव्हती.

"पक्कं काम लाईट आल्यावर," तो हरिओमला म्हणाला. "आता जाऊन बघा. मागं कोणीतरी बसा अन् नीट ध्यान द्या. जराबी वास आला तर पुढं जाऊ नका, माघारी या. काचा उघड्या ठेवा."

मागं कोणीतरी बसा म्हटल्यावर तिघांच्याही नजरा सवयीनं राजेश्रीकडं वळल्या. ती उठली. पुढं गेली आणि हरिओमच्या शेजारचं दार उघडून त्या सीटवर बसली. साडी सावरली, सीटवर राहिलेली फाईल मांडीवर घेतली आणि आपल्या बाजूची काच पार खालपर्यंत उतरवली.

किशनराव दाराशी येऊन थांबले.

"मामंजी, मागं बसा," ती म्हणाली. "आज तुमी बघा."

हरिओम किल्लीकडं बघत राहिला. किशनरावांनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा गॅरेजवाल्याकडं. मग ते मागच्या दारानं आत चढले. पायरी उंच होती, त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मनकर्णाबाई मधल्या सीटपाशी क्षणभर घुटमळल्या. तिथं त्यांनी नुसती पिशवी ठेवली, आणि स्वतः मागं जाऊन नवऱ्याशेजारी बसल्या.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. थंड वारा आत येत होता आणि कोणी काच वर करा म्हणत नव्हतं. दवाखान्याचा नंबर केव्हाच हुकला होता, पण आत्ता नीट गेलं तर डॉक्टरीणबाई उठायच्या आत पोचता आलं असतं. ते सगळ्यांनाच माहीत होतं. राजेश्रीला सगळ्यांत जास्त माहीत होतं. तिला बाळाचं वजन ऐकायचं होतं, आजच ऐकायचं होतं.

चढ लागला. चढ संपला.

"दादा," हरिओमनं पुढं बघतच बापाला विचारलं, "यायलाय का वास?"

"न्हाई," किशनराव म्हणाले. "घे पुढं."

राजेश्री मागं वळली नाही. मनातला राग जागच्या जागी होता आणि तो इतक्यात जाणार नव्हता. पण या गाडीत ज्याच्यावर भरवसा ठेवावा असं नाक एकच होतं.

"आत्याबाई, तुमी सांगा."

मागं किशनरावांनी घसा खाकरला. एक ट्रक समोरून आला आणि गेला.

"यायलाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "थोडा हाय. पण यायलाय."

हरिओमनं आरशातून बापाकडं पाहिलं. मग गाडीचा वेग कमी केला आणि वळायला जागा शोधायला लागला.