काचेवरचा चाप

…चापाच्या पेचाचं काळं डोकं, बोराएवढं, चिमटीत धरून फिरवायचं, आणि ते फिरवताना बोटं घसरतात ती घामामुळे — या मुद्द्यावर डॉक्टरांनी स्वतःशी एकमत करून टाकलं. गाडी तळ्याच्या काठाला उभी, खिडकीची काच अर्धी खाली, आणि मांडीवर दुर्बिणीसाठी दुकानदारानं दिलेले दोन आधार: एक वाळूची पिशवी, एक हा काचेला चावणारा चाप. "गाडीत लावून बघा, डॉक्टर. नको असेल ते परत आणा," तो म्हणाला होता. त्याची अक्कलदाढ त्यांनीच काढलेली. त्यामुळे त्यांच्यापुढे तो अजून तोंड बेतानंच उघडायचा.

दुर्बीण जावयानं दिलेली. जड आहे, म्हणून हलते. हे पहिलं कारण. दुसरं इंजिन. स्टिअरिंगवर बसलेल्या बायकोला त्यांनी आल्या आल्या ते बंद करायला लावलं, मग पंखा, मग रेडिओसुद्धा. तरी समोरचा बगळा हुडहुडी भरल्यासारखा थरथरतच होता. उरलं होतं बायकोचं विणकाम.

"सुया थांबव जरा. गाडी हलते."

"सुयांनी?"

"खाली स्प्रिंगा असतात."

तिनं सुया बाजूला ठेवल्या, इतक्या मुकाट्यानं की संशय यावा. "श्वास घेतला तर चालेल ना?"

जन्मभर लोकांच्या दातांत केसाएवढ्या सुया घालत आलेला हा हात… दवाखाना बंद केला तेव्हा सगळ्यांना कारण पाठीचं सांगितलं. पाठ फार सोयीची, तिच्यात काय दुखतं ते कुणाला दिसत नाही. खरं कारण म्हणजे आ वासून, डोळे मिटून बसलेल्या एक बाई, आणि त्यांच्या दाढेवर टकटक, टकटक वाजणारा माझा दात तपासायचा आरसा. बाई म्हणाल्या, दार वाजतंय का हो? मी म्हटलं, तपासतोय. — हे बायकोला कळता कामा नये. कळलं की ती म्हणणार, एकदा दाखवून येऊ. दाखवलं की त्याला नाव मिळणार, आणि नाव मिळालं की ते घरात राहायलाच येणार, उठता बसता.

म्हणून पिशवी बरी. तिच्यावर दुर्बीण दोन्ही हातांनी धरावी लागते आणि हललीच, तर वाळू हलक्या प्रतीची म्हणता येतं. चापाबद्दल मात्र दुकानदार म्हणाला होता, एकदा बसवला की हात लावायची गरज नाही. हेच त्यांना खटकलं होतं.

"लावा की तो," बायको म्हणाली. "आणलाय तर."

लावला. दुर्बीण त्यावर बसवली, डोळे भिडवले, तोच बायकोनं मदत म्हणून काचेचं बटण दाबलं. दुर्बीण वर निघाली, आणि तिच्यामागून तेही, मान ताणत, सीटवरून अर्धे उठत. "अगं, खाली… खाली घे… एवढी नको." काच थांबली तेव्हा दुर्बीण बरोबर डोळ्यांसमोर होती.

त्यांनी हात काढून घेतले.

बगळा स्तब्ध. चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब, मानेवरचं एक विस्कटलेलं पीस… इतकं स्वच्छ त्यांनी कितीतरी दिवसांत काही पाहिलं नव्हतं. तोंडून "वा" निघालं. आणि मग ऐकू आली बारीक कुरकुर — मांडीवरच्या पिशवीतली वाळू. तिच्यावर टेकलेला उजवा हात, आता काही काम नसलेला, आपल्या मनानं चालला होता. इंजिन बंद, सुया गप्प, दुर्बीण निश्चल. ठपका ठेवायला गाडीत दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"नीट दिसतोय?"

"अगदी स्थिर."

तिनं थर्मासमधून चहा ओतल्याचा आवाज आला. लगेच थांबलाही. अर्धा कप. घरीही हल्ली अर्धाच येतो, मोठ्या कपात, आणि संपला की न मागता उरलेला अर्धा. मी एकदा चिडलो होतो, पाहुण्यांना तरी भरून देतेस ना म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धाच दिला होता.

म्हणजे हिला…

बगळा कधीच उडून गेला होता. तरी ते रिकाम्या पाण्याकडे बघत राहिले. लाज वाटेल अशी त्यांची खात्री होती. आला तो राग, इतके महिने आपल्याला एकट्याला नाटक करू दिल्याचा. आणि त्या रागातच कुठेतरी, हसू येईल इतकं हलकं वाटत होतं.

"धरा," ती म्हणाली.

त्यांनी उजवाच हात पुढे केला, होता तसा.