हॅल्सबीचा पूल

विभावरीने हॅल्सबी कधी पाहिलं नव्हतं, पण तिथली गल्ली न् गल्ली तिला पाठ होती. सातासमुद्रापार हॅमिल्टन शहरातल्या ज्या वृद्धाश्रमात ती नर्स होती, तिथल्या हॅरल्डचं हे इंग्लंडमधलं गाव. विसरणाऱ्या माणसाचं बोलणं खोडून काढायचं नाही, त्याच्या गावात त्याच्यासोबत चालायचं, ही तिथली शिस्त. म्हणून रोज दुपारी दोघं कॉरिडॉरमधून हॅल्सबी फिरत. आधी लोकरीचा बाजार, मग चर्च, मग गिरण्या, शेवटी नदीवरचा दगडी पूल. पुलापलीकडे हॅरल्डचं घर.

खऱ्या हॅल्सबीत आता लोकर औषधालाही नाही. विभावरीने नेटवर पाहिलं होतं. गिरण्यांचे फ्लॅट झालेत, बँकेत पब निघालाय, बाजारचौकात गाड्या लागतात. म्हणायचं बाजाराचं गाव आणि कांदासुद्धा सुपरमार्केटातून! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. हॅरल्डला मात्र तिने यातलं काही कळू दिलं नाही. एप्रिलमध्ये तो वारला.

त्याच सुमारास साताऱ्यात तिच्या आईला स्वतःचं घर परकं वाटू लागलं. विभावरीला तिकडे जाता येईना, आणि त्याची तिला मनातून लाज वाटे. मग तिने आपली विद्या आईवर चालवली. रोज दुपारी चार वाजता, म्हणजे तिकडे सकाळी, ती फोनवरून आईला सातारा फिरवून आणी. राजवाडा, मोती चौक, दत्ताचं देऊळ, घर. घराचं दार आलं की आई भानावर येई, शंतनूला, विभावरीच्या भावाला, नावाने हाक मारी. तेवढ्यावर विभावरीचा दिवस निघे.

त्या मंगळवारी तिची डबल शिफ्ट होती. कॉरिडॉरमध्येच उभं राहून तिने फोन लावला. पाय सवयीने चालू लागले आणि तोंडही.

"मोती चौक आला, आई. आता चर्चवरून खाली उतर. गिरण्या गेल्या. समोर पूल."

बोलून गेल्यावर ती जागीच थबकली. "आई, थांब! चुकलं माझं. मागे फिर, देवळापाशी ये."

"चुकलं कुठे? दगडी पूलच आहे की," आई खुशीत म्हणाली. "आणि हे म्हातारे गृहस्थ किती सभ्य आहेत! हात धरलाय माझा. घर पलीकडेच आहे म्हणतात."

"आई, हात सोड त्यांचा! सोड आधी!"

आई नुसतीच हसली.

दुसऱ्या दिवशी विभावरीने पुन्हा राजवाड्यापासून सुरुवात केली. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो बाई," ती अदबीने म्हणाली, "आमच्या गावात राजवाडा नाही."