ऊन उतरल्यावरचं गाणं

आमच्या सांगलीच्या कॉलेजात चिंतनमंदिर उभं राहिलं तेव्हा मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे, म्हणजे हे लचांडही माझ्याच गळ्यात. माधवनगरचे सुताचे व्यापारी रामगोंडाअण्णा यांनी लेकीच्या नावानं ते बांधून दिलं. चंदनबाला माझीच विद्यार्थिनी. गोड गळ्याची पोर, चौऱ्याण्णव साली कावीळ उलटली आणि ती गेली. मुलांनी तिथं शांत बसावं, अधूनमधून गाणं व्हावं, एवढीच अण्णांची इच्छा. अट मात्र कडक: आत दिवे बसवायचे नाहीत. दिव्यावर किडे येऊन मरतात. शिवाय दिवेच नसले की कार्यक्रम उजेडात संपणार आणि अण्णांना घरी जाऊन जेवता येणार. अंधार पडल्यावर त्यांच्या जैन घरात कुणी अन्नाला शिवत नसे.

चंदना होती तेव्हाही हेच आड यायचं. स्नेहसंमेलनाला अण्णा यायचे, पुढच्या खुर्चीत बसायचे आणि ऊन उतरलं की जेवायला उठून जायचे. तिची पाळी नेमकी त्यानंतर. दरवर्षी ती स्टेजवर गायली, बापानं एकदाही ऐकलं नाही. आता निदान तिच्या नावाच्या जागेत तिचं आवडतं भजन कानावर पडावं म्हणून ते तळमळत होते.

त्या वर्षीच्या स्मृतिदिनाला चंदनाची मैत्रीण स्वप्ना ते भजन गाणार होती. कार्यक्रम दुपारी लवकरच ठेवला. पण संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब एकदा बोलायला उभे राहिले की खाली बसतात कुठले? आधी दानाचा महिमा सांगितला, मग स्वतःचा. इकडे मी सारखी खिडक्यांकडे बघत होते. ते बसले तेव्हा खिडक्यांतला उजेड जात आला होता.

मी अण्णांजवळ गेले. "अण्णा, जेवणाची वेळ टळेल. स्वप्नाचं भजन उद्या दुपारी ठेवू."

"ऱ्हाऊ द्या बाई. गाऊ दे तिला."

स्वप्ना अंधारातच गायली. मला रडू आलं. कुणाला दिसत नव्हतं, म्हणून मी ते येऊ दिलं.

लोक चाचपडत बाहेर पडले. अण्णा काही उठेनात.

"बाई, पर्युषणात मी धा-धा दिवस उपास करतोय. आज बी एक रात उपाशी ऱ्हायलो, काय झालं मला? हे तवा का सुचलं न्हाई वं?"

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"मी उठून गेल्याव ती खुर्चीकडं बघायची का?"

"नाही अण्णा," मी म्हणाले, "ती डोळे मिटून गायची."

अण्णा चपला शोधायला खाली वाकले.

"घरात देवापुढं गायची की ती. डोळं कवाच मिटलं न्हाईत तिनं."