काच आहे, सांभाळून

आई गेली ती पहाटे, चौथ्या मजल्यावर. जाणं कुणाच्या हाती नसतं, पण खाली नेणं असतं, आणि थोरलीला सकाळपासून तेवढाच घोर लागला होता. लिफ्टमध्ये आडवं माणूस मावत नव्हतं. जिना असा चिंचोळा, की या इमारतीत कधी कुणी मरेल हे बांधणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं.

शववाहिकेचा ड्रायव्हर एकटाच आला होता. त्यानं जिन्याचं वळण पाहिलं, मान खाजवली.

"चादरीत बांधून उभीच न्यावी लागेल बॉडी. टेकवत टेकवत."

"टेकवत?" थोरली म्हणाली. आजारपणात आईची हाडं पार ठिसूळ झाली होती. कूस बदलतानाही ती किंचाळायची, आणि थोरली खाली तळहात घालून तिला हळूहळू सरकवायची. आता तिला दुखणार नाही हे थोरलीलाही कळत होतं. कळून काय उपयोग?

"ताई, जरा व्यवहारानं घे," धाकटा भाऊ म्हणाला. बोलायला त्याचं काय जातंय! कंबरेला पट्टा बांधून तो खुर्चीत बसला होता. बाकीचे नातेवाईक परस्पर स्मशानात येणार होते. उचलायची वेळ आली की सगळ्यांचे हात वर.

तेवढ्यात समोरच्या घरी येणाऱ्या नव्या बिऱ्हाडाचं आरशाचं कपाट घेऊन चौघे हमाल धापा टाकत वर आले. त्यांच्या मुकादमानं उघड्या दारातून आत पाहिलं आणि कपाट तिथंच भिंतीला टेकवायला लावलं.

"कोण?"

"आई," थोरली म्हणाली. "आडवीच न्यायचीय हो मला."

मुकादमानं वळणाला वीत लावून पाहिली. "कपाट वर येतं, तर आई खाली का नाही जाणार?"

नवा भाडेकरू कुरकुरला. "कपाटाला घाई नाही, साहेब," मुकादम म्हणाला आणि त्यानं खांद्यावरचा सामान उचलायचा पट्टा सोडला.

पट्टे शववाहिकेतून आणलेल्या स्ट्रेचरखालून गेले. पुढच्या दोघांनी हात डोक्यावर नेले, मागचे गुडघ्यांत वाकले. "डावं घे. भिंत बघ." वळणावर पुढचा सवयीनं ओरडला, "हळू रे, काच आहे, काच!"



"गाढवा, काच काय!" मुकादम चरकला. "माफ करा ताई. तोंडात बसलंय त्याच्या."

"असू दे," थोरली म्हणाली. "काचच म्हणा."

मग प्रत्येक वळणावर ते तसंच म्हणत गेले. भिंतीला कुठं लागलं नाही, पायरीवर कुठं टेकलं नाही. पहिल्या मजल्यावर एक दार किलकिलं झालं आणि काच ऐकून शेजारीण हौसेनं म्हणाली, "काय गं, नवीन काय आणलंस?"

थोरलीच पुढं झाली.

"आणलं नाही काही. आई चाललीय."

बोलून गेली आणि ती मधल्या पायरीवर बसली आणि हंबरडा फोडून रडू लागली. वाट अडली होती. चौघे ते ओझं तसंच पेलून उभे राहिले. कुणी खाली टेकवलं नाही, कुणी चला म्हटलं नाही.