दोन विमानांच्या मधली जागा

परक्या विमानाला हवेत गाठायचे, तर ते डावीकडून गाठावे, असा साऱ्या जगाचा रिवाज आहे. कारण अगदी साधे आहे. विमानाचा कप्तान डाव्या खुर्चीत बसतो. ज्याला सांगायचे, त्याच्या डोळ्यांसमोर जाऊन सांगावे. डावीकडून किंचित पुढे व्हायचे, पंख डुलवायचे आणि सावकाश वळून दाखवायचे. याचा अर्थ, आल्या वाटेने परत जा. तोंडातून एक शब्द न काढता दोन देशांचे एवढे बोलणे होऊन जाते.

पाहुणी विमाने दोन असतील, तर मात्र दुसरा नियम लागू होतो. त्यांच्या मधे शिरायचे नाही. इकडून बंदूक, तिकडून बंदूक आणि मधे आपण म्हणजे अडकित्त्यातली सुपारी. जमिनीवरून रेडिओवर दिशा सांगणाऱ्या कंट्रोलरने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज त्या जागेकडे कोणी फिरकायचे नसते.

हे दोन्ही नियम नव्या वैमानिकांना शिकवण्याचे काम बरीच वर्षे वहिनींकडे होते. वहिनी हे त्यांचे नाव नव्हे. त्यांचा धाकटा दीर वैमानिक होऊन याच तळावर आला आणि पहिल्याच उड्डाणात त्यांनी दिशा सांगितल्यावर सवयीने "हो, वहिनी" म्हणून गेला. कंट्रोलच्या सगळ्या खोलीने ते ऐकले. तेव्हापासून शिपायापासून साहेबांपर्यंत त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. खोलीचे प्रमुख असलेले साहेब तर वयाने त्यांच्याहून मोठे; पण तेही त्यांना वहिनीच म्हणत.

दीर तळावर आला, तेव्हा साहेबांनी त्यांना बोलावून विचारले होते, "घरचं माणूस हवेत आणि तुम्ही खुर्चीवर. जमेल?"

"हेडफोन कानाला लावला की मला नातीगोती ऐकू येत नाहीत," वहिनी म्हणाल्या होत्या. हे त्या मनापासून म्हणाल्या होत्या आणि पुढे काही वर्षे ते खरेही ठरले.

त्या दिवशी सकाळी धाकटा नेहमीप्रमाणे उभ्या उभ्या चहा पीत होता. लग्न होऊन वहिनी या घरात आल्या तेव्हा तो शाळेत होता. त्याची गणिते त्यांनी घेतली होती आणि खोड्याही त्यांनीच पोटात घातल्या होत्या.

"वहिनी, आज पाहुणे आले तर जेवायला थांबवू का?" त्याने विचारले.

"आधी तू जेवायला वेळेवर ये. पाहुण्यांचं मग बघू."

"पाहुणे म्हणजे कोण रे?" सासूबाईंनी आतून विचारले.

"कुणी नाही गं आई. लांबचे आहेत. उंबऱ्यापर्यंत येतात आणि परत जातात."

"मग त्यांना आत बोलवावं माणसाने," असे म्हणून सासूबाई बाहेर आल्या. तो गेल्यावर त्या सुनेजवळ हळूच म्हणाल्या, "तो वर असला की माझा जीव टांगणीला लागतो. पण तू तिथे असतेस ना, तेवढाच आधार."

डबा पिशवीत ठेवून वहिनी कामावर निघाल्या.

कंट्रोलची खोली जमिनीखाली होती. तिला खिडकी नव्हती. यंत्रांना गारवा लागतो म्हणून भर उन्हाळ्यातही तिथे माणसे स्वेटर घालून बसत. समोर पडदे, पडद्यावर समुद्र आणि समुद्रात एक वाकडीतिकडी रेषा. रेषेच्या अलीकडचे आकाश आपले, पलीकडचे कोणाचेच नाही. कोपऱ्यात मुख्यालयाचा थेट फोन होता. त्याला आकडे नव्हते. उचलला की पलीकडे माणूस असे.

दुपारी पाहुणे आले. दोन बॉम्बर, लांब पल्ल्याचे, एक पुढे आणि दुसरा त्याच्या उजव्या हाताला थोडा मागे. अशी विमाने अधूनमधून येतच. रेषेच्या अलीकडे किती लवकर जाग येते हे बघायचे आणि ठराविक ठिकाणी डावीकडे वळून घरी जायचे, हा त्यांचा शिरस्ता. येताना त्यांचे रेडिओ बंद असत; आपसांतसुद्धा ते बोलत नसत.

भोंगा झाला आणि दोन लढाऊ विमाने उडाली. पुढे धाकटा, ससाणा एक. त्याच्या मागे त्याचा जोडीदार, ससाणा दोन. वहिनींनी त्यांना समुद्रावर नेऊन पाहुण्यांच्या मागे अलगद आणून सोडले. जोडीदार मागे राखणीला थांबला. धाकटा नियमाप्रमाणे पुढच्या बॉम्बरच्या डावीकडे गेला.

"पंख डुलवले," त्याचा आवाज आला. "उत्तर नाही."

"पुन्हा कर."

"पुन्हा केलं. वळूनही दाखवलं. दगडाला सांगितल्यासारखं आहे."

एवढ्यात पाहुण्यांच्या नेहमीच्या वळणाची जागा आली आणि मागे पडली. दोन्ही ठिपके सरळच निघाले होते. रेषा फार लांब नव्हती.

वहिनींनी संकटकाळच्या खुल्या वाहिनीवर हाक दिली. एकदा दिली, दोनदा दिली. कोणी ओ दिली नाही. मागे साहेबांनी कोपऱ्यातला फोन उचलला. त्यांनी फोनवर काय ऐकले, ते त्यांनी खोलीलाही सांगितले, कारण हे सगळ्यांना माहीत असायला हवे होते. "रेषा ओलांडली तर इशाऱ्याच्या गोळ्या. तसा हुकूम आहे."

खोलीतल्या प्रत्येकाला त्यापुढचे समजत होते. इशाऱ्याच्या गोळ्या पुढून जातात, पण मागच्या बॉम्बरच्या बंदुकीवर बसलेल्या माणसाला त्या कशा दिसतील, हे कोणी सांगावे? त्याने उत्तर दिले, तर पुढचे सगळे माणसांच्या हातातून सुटते.

"कंदील, ससाणा एक." कंदील म्हणजे ही खोली. धाकट्याचा आवाज आता सावकाश येत होता. "कप्तानाच्या बाजूची काच पांढरी झालीय. आतून दव गोठलंय वाटतं. या बाजूने माणूस दिसत नाही. म्हणजे त्यालाही मी दिसत नसणार."

"मागच्याला दाखवून बघ. त्याच्या बाहेरच्या बाजूने."

"आत्ताच जाऊन आलो. त्यातला माणूस पुढच्या विमानाकडे बोट दाखवतोय. तो पुढच्याची शेपटी सोडणार नाही. पुढच्याचा दुसरा वैमानिक उजव्या खुर्चीत असेल. उजवीकडून जाऊन त्याला दिसतो. परवानगी?"

उजवीकडे म्हणजे दोघांच्या मधे.

"थांब," वहिनी म्हणाल्या. "डावीकडेच राहा."

हा शब्द त्यांच्या तोंडून इतक्या झटकन गेला, की तो कुठून आला हे त्यांनाही कळले नाही. ठिपके सरकत होते. त्या पडद्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. जणू बघत राहिल्याने ते ठिपके वळणार होते.

"कंदील, डावीकडे राहून काही होणार नाही," धाकटा म्हणाला. "उजवीकडून जाऊ द्या."

साहेब फोनचा रिसीव्हर छातीशी धरून वहिनींच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"वहिनी, पलीकडून विचारताहेत, काय चाललंय. त्यांना काय सांगू?"

"मधे शिरायचं नाही असा नियम आहे, साहेब."

"परवानगीशिवाय शिरायचं नाही, असा आहे. तुम्हीच शिकवता." साहेबांनी आवाज चढवला नाही. "परवानगी द्यायची नसेल तर देऊ नका. तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही. फक्त एक सांगा. मागचा पुढे असता, आणि त्याने विचारलं असतं, तर?"

मागचा म्हणजे जोडीदार. बुटका, हसरा, जिन्यात भेटला की हमखास पिशवी उचलून घेणारा मुलगा. वहिनींच्या डोळ्यांपुढे त्याचा चेहरा आला आणि त्याबरोबर उत्तरही आले. ते उत्तर त्यांना आवडले नाही.

त्यांनी बटण दाबले.

"ससाणा एक, परवानगी आहे. खालून जा, हळू वर ये, दोघांनाही दिसशील असा. ससाणा दोन, जागा सोडू नकोस."

"समजलं."

पडद्यावर तिसरा ठिपका दोघांच्या मधे गेला आणि तिघांचा मिळून एकच डाग झाला. पुढे काय चालले होते ते आता फक्त कानांनाच कळणार होते.

"मधे आहे," धाकटा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मागच्याची बंदूक माझ्याकडे वळलीय."

वहिनींचा आवाज कसा कोण जाणे, शाळेच्या वर्गातल्यासारखा सपाट आला. "वेग बदलू नकोस. त्याच्याकडे मान वळव. हात काचेला लाव, रिकामा दिसू दे."

"लावला."

पुढचा वेळ किती गेला ते वहिनींना नंतरही सांगता आले नाही. त्यांच्या मनात त्या वेळी देवही नव्हता आणि देशही नव्हता. गणिताची वही पुढ्यात घेऊन पेन्सिल चावणारा एक मुलगा होता आणि 'तू तिथे असतेस ना' हे शब्द होते.

"बंदूक वर केली त्याने," धाकटा म्हणाला. "आभाळाकडे. वरच धरलीय."

कोणीतरी श्वास सोडला. वहिनींनी सोडला नाही. "पुढच्याचं सांग."

"काच स्वच्छ आहे. उजव्या खुर्चीतला दिसतोय. तो पुढे बघतच नाहीये. कप्तान कलंडलाय आणि हा त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा दाबून धरतोय. विमान आपोआप चाललंय. अरे, बघ इकडे. बघ ना, बाबा." हे शेवटचे शब्द त्याने खोलीला उद्देशून म्हटले नव्हते. "पंख डुलवतोय. दिवे लावतोय. बघितलं. बघितलं त्याने."

"खूण कर. डावीकडे."

"केली. तो आपल्या नकाशाकडे बघतोय. चेहरा पडला बिचाऱ्याचा. मान हलवतोय, समजलं म्हणतोय."

वहिनींना एकदम पुढचे दिसले. पुढचा डावीकडे वळणार आणि त्याच्यामागे दुसराही वळणार. म्हणजे मधली जागा मिटणार.

"खाली," त्या म्हणाल्या. "आत्ता. खाली निघ."

त्याने उत्तर दिले नाही. उत्तर द्यायला वेळ नसावा. डाग फुटला, एक ठिपका बाजूला निसटला आणि उरलेले दोन रेषेला जवळजवळ टेकून, जड बैलगाडी वळावी तसे, डावीकडे वळू लागले.

"बाहेर आहे, कंदील," धाकट्याचा आवाज आला. धाप लागलेली होती. "डोक्यावरून गेला. दोघेही वळले."

साहेब फोनवर बोलत होते. "नाही. ओलांडली नाही. आजारी माणूस आहे विमानात. हो, परत चाललेत. नाही, कुणीही गोळी झाडलेली नाही."

पाळी संपल्यावर वहिनी साहेबांच्या काचेच्या खोलीत गेल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"पहिल्यांदा मी 'थांब' म्हटलं, ते नियमासाठी नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मग त्याच्या पाळीवर मला ठेवू नका. आज विमान वळलं म्हणून. नाहीतर माझ्या त्या एका शब्दापायी किती माणसं गेली असती, सांगता येत नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "त्याच्या जागी मागचा असता, तर काय केलं असतंत? मघाशी उत्तर दिलं नाहीत तुम्ही."

"लगेच 'जा' म्हटलं असतं."

"न थांबता?"

"न थांबता." मग वहिनी खाली बघून म्हणाल्या, "हेच मला जास्त लागलंय, साहेब. त्याच्या घरी कोण आहे, हेसुद्धा मला माहीत नाही."

"आई आहे," साहेब म्हणाले. "आणि एक बहीण. लग्नाची." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "धाकट्यापासून तुम्हाला लांब ठेवतो. तुम्ही मागताय, ते योग्यच आहे. पण बाकीच्यांच्या पाळीवर तुम्हीच बसायचं. त्यातून सुटका नाही."

घरी धाकटा आधीच आला होता आणि जेवायला बसला होता. सासूबाई वाढत होत्या. वहिनी हात धुऊन पानावर बसल्या, तसे त्याने विचारले, "पहिल्यांदा का थांबवलंस गं? मला वाटलं, बंदुकीचं काही दिसलं तुला."

"बंदूक मला कुठून दिसणार? तू दिसलास."

तो हसला नाही. घास हातातच राहिला. "मग दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तुझा जोडीदार आणि बाकीचे दिसले."

"काय बोलताय दोघं? मला कळेल असं बोला की," सासूबाई म्हणाल्या.

"कामाचं आहे, आई," वहिनी म्हणाल्या. "आणि एक सांगायचंय. यापुढे तो वर असेल तेव्हा मी तिथे नसेन. दुसरं कुणी असेल."

सासूबाईंचा हात भांड्यावर थांबला. "का? काही चुकलं का तुझं?"

"हो."

सासूबाईंनी सुनेकडे बघितले, मग मुलाकडे. तो मान खाली घालून जेवत होता; पण जेवताना त्याने ताटातली पोळी अर्धी मोडून वहिनींच्या ताटात ठेवली.

तो कप्तान वाचला की गेला, हे इकडे कोणालाच कळले नाही. पलीकडच्यांचे रेडिओ बंदच राहिले.

पुन्हा पाहुणे आले ते सकाळी, ढगाळ हवेत. या वेळी पुढे जोडीदार होता. धाकटा घरी झोपला होता. बॉम्बर एकटाच होता आणि त्याच्या पोटाखाली काही नवीनच लटकत होते.

"कंदील, जवळ जाऊन खालून बघतो," जोडीदार म्हणाला. "परवानगी?"

काम रोजचे होते. अशी परवानगी वहिनींनी कितीदा तरी मान वर न करता दिली होती.

"थांब," त्या म्हणाल्या.

मागे साहेबांची खुर्ची करकरली. वहिनींनी ढगांची उंची बघितली, बॉम्बरचा वेग बघितला, खाली समुद्रावर वारा कसा आहे ते विचारून घेतले, आणि उतरायला इंधन पुरेल ना, हेही विचारले. जोडीदाराने चकित होऊन सगळ्याची उत्तरे दिली.

"आता जा," वहिनी म्हणाल्या. "सावकाश. मी इथे आहे."